गाडीच्या जीपीएसमधले आपले स्वतःचे बिंदू : तुम्ही कसे लावून ठेवलेत? (अनुभव)

चरईकर

नव्या लॅपटॉपवर जुन्या फायली हलवताना 'पीओआय' (पॉइंट्स ऑफ इंटरेस्ट, म्हणजे नकाशावर आपण नोंदवलेली ठिकाणं) नावाचा फोल्डर सापडला. आत गार्मिन नुवी या गाडीतल्या जीपीएस यंत्रासाठी बनवलेल्या सीएसव्ही फायली, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या याद्या. एक उघडली आणि बाकीची कामं तिथेच राहिली.

त्यात 'बाबा थांबे' नावाची फाईल आहे. बाबांना मधुमेह होता. वरचेवर जावं लागायचं, आणि गाडी थांबव म्हणायचा त्यांना फार संकोच. म्हणून ठाण्याहून साताऱ्याला जाताना जिथे जिथे स्वच्छ कमोड, कमी पायऱ्या आणि दाराशी गाडी लावायला जागा दिसेल ते ठिकाण नोंदवत गेलो. वर्णनाच्या रकान्यात 'दोन पायऱ्या, कठडा आहे', 'रात्री कुलूप, शेजारच्या टपरीवर किल्ली' असं लिहिलेलं. पुढचा थांबा किती किलोमीटरवर ते यंत्र दाखवायचं. बाबा स्वतःच स्क्रीन बघून सांगायचे, "इथे नको, पुढच्याला थांबू." कुणाला विचारावं लागत नाही याचं त्यांना केवढं बरं वाटायचं! आता बाबा नाहीत, फाईल आहे.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गार्मिनचा पीओआय लोडर, म्हणजे कॉम्प्युटरवरून हे बिंदू यंत्रात चढवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. प्रत्येक सीएसव्ही फाईल म्हणजे एक वर्ग, फाईलचं नाव तेच वर्गाचं नाव. फाईलच्याच नावाचं छोटं बीएमपी चित्र शेजारी ठेवलं की नकाशावर ते चिन्ह दिसतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लोडर पुन्हा चालवला की यंत्रातले जुने बिंदू जाऊन नवे बसतात. म्हणून सगळ्या फायली कायम एकाच फोल्डरात ठेवायच्या आणि दर वेळी तो अख्खा फोल्डर चढवायचा. खरी यादी कॉम्प्युटरवर, यंत्रात तिची नक्कल.

माझं ठाम मत: वर्ग जागेच्या प्रकारावर करू नयेत. हॉटेल, पंप, मंदिर हे यंत्रात आधीच असतं. आपली यादी 'कुणासाठी' आणि 'कधी' यावर हवी. तुमचे वर्ग काय आहेत? लिहा.

मीठ_मसाला

वाचून डोळे भरले. कुकर लावलाय, संध्याकाळी येते.

रक्तनमुना

आमचं कामच घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं. सकाळची वेळ, माणसं उपाशीपोटी वाट बघत बसलेली, उशीर चालतच नाही.

नवी मुंबईत पत्ता म्हणजे सेक्टर. आणि सेक्टर १९ वाशीत आहे, नेरुळला आहे, कोपरखैरण्यात आहे, खारघरलाही आहे. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये (वाशी, नेरुळ असे शहराचे भाग) १ पासून मोजलंय ना. पेशंट फोनवर नुसतं 'सेक्टर १९' सांगून ठेवून देतो, त्याला दुसरा सेक्टर १९ ठाऊकच नसतो. म्हणून माझ्याकडे नोडवार फायली: वाशी, नेरुळ, बेलापूर वगैरे. शिवाय प्रत्येक बिंदूच्या नावाची सुरुवातही नोडनेच. 'नेरुळ १९ अमुक सोसायटी, बी विंग.' शोधताना यादी आपोआप एकत्र लागते.

बिंदू इमारतीवर ठेवत नाही, गेटवर ठेवते. मोठ्या सोसायट्यांना दोन-तीन गेटं, त्यातलं पहाटे एकच उघडं. बिंदू इमारतीच्या मधोमध असला की यंत्र मागच्या गल्लीत नेऊन 'पोहोचलात' म्हणतं आणि समोर कंपाउंडची भिंत! दशांशानंतर पाच आकडे असले की साधारण मीटरभराची अचूकता लिहिता येते, गेटसाठी तेवढे आकडे हवेतच.

पेशंटचं नाव कधीच घालत नाही. गाडी आणखी दोघं वापरतात.

खारघर_टेकडी

सेक्टरचं अगदी अगदी!! रोज कुणाला तरी सांगते, अहो खारघरचं, वाशीचं नाही. पिझ्झा थंड होतो तोवर.

टुरिस्ट_परमिट

मी गाडी चालवतो, टाइप कमी करतो. एकच सांगतो.

उरण फाटा, कळंबोली, शिळफाटा. इथे वरून की खालून, डावीकडे की सरळ, हे आधी ठरवावं लागतं. जीपीएसला उंचीचा अंदाज कच्चा. पुलावर आहात की पुलाखाली हे त्याला धड कळत नाही. म्हणून मी बिंदू फाट्यावर टाकतच नाही. फाट्याच्या ४००-५०० मीटर आधी टाकतो आणि नावातच लिहितो 'डावी लेन धर'. जवळ आलं की टुंग वाजतं. जायचा वेगळा, यायचा वेगळा, कारण पनवेलकडून येताना फाटा वेगळाच दिसतो. दोन्ही दिशांच्या दोन फायली.

नावाच्या शेवटी @ टाकून वेग लिहिला की त्याच्या वर गेल्यावर इशारा मिळतो. अटल सेतूवर कारला १०० आहे पण चढता-उतरताना ४०. उतरताना विसरायला होतं, तिथे बिंदू पाहिजेच.

पातलीपाडा_पूर्व

दादा, वेगाचा इशारा तुमच्याकडे. आमच्या घोडबंदरला गायमुखापासून कासारवडवलीपर्यंत वेगच नाही 😄 ठाणे-बोरिवली बोगदा झाला की बोलू.

टुरिस्ट_परमिट

बोगद्याच्या तोंडाचा बिंदू मी आत्ताच टाकून ठेवलाय.

नवशिकी_चालक

सगळं छान आहे पण मला पहिल्या पायरीपासून सांगा ना. सासऱ्यांच्या गाडीत जुनं यंत्र आहे, ते काढू देत नाहीत. माझी ठिकाणं सगळी फोनमध्ये गुगल मॅप्सला. ती यंत्रात जातील का? आणि सीएसव्हीत नेमकं काय लिहायचं?

चरईकर

ताई, चार रकाने: रेखांश, अक्षांश, नाव, वर्णन. रेखांश आधी, हे महत्त्वाचं, कारण गुगलमधून आकडे उचललेत तर तिथे अक्षांश आधी असतो. ठाण्याचा रेखांश ७२.९७ च्या आसपास, अक्षांश १९.२ च्या आसपास. उलट लिहिलं की बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतो आणि यंत्र काही तक्रार करत नाही. सोपी तपासणी सांगतो: महाराष्ट्रात कुठेही रेखांश ७२ ते ८१ मध्ये आणि अक्षांश १५ ते २२ च्या आसपास. म्हणजे मोठा आकडा नेहमी पहिला.

नावात किंवा वर्णनात स्वल्पविराम असेल तर तो मजकूर अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर रकाने फुटतात. आपल्या पत्त्यांत तर स्वल्पविरामच स्वल्पविराम.

घणसोली_गावठाण

गुगलचं मी सांगतो. माय मॅप्समध्ये नकाशा बनवायचा, प्रत्येक वर्गाला वेगळा थर. तिथून केएमएल (गुगलची ठिकाणांची फाईल) उतरवता येते. जीपीएसबेबल नावाचा फुकट प्रोग्राम तिचं जीपीएक्स (जीपीएस यंत्रांना चालणारी फाईल) करून देतो, आणि लोडर जीपीएक्सही घेतो. फोनवर ओएसएमअँड हे नकाशाचं अॅप वापरत असाल तर आणखी सोपं. त्यात आवडीच्या ठिकाणांचे गट करता येतात आणि ते सरळ जीपीएक्समध्येच बाहेर निघतात.

बाकी सासऱ्यांना यंत्र काढायला लावू नका. घाटात फोनची रेंज गेली की तेच उपयोगी पडतं. नकाशा आतच असतो.

नवशिकी_चालक

धन्यवाद दोघांनाही! आणखी एक. सासऱ्यांचं यंत्र तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतं. बिघडलंय का?

घणसोली_गावठाण

बिघडलेलं नाही. जीपीएसचा संदेश आठवडे मोजतो आणि मोजणी १०२४ झाली की पुन्हा शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, तेव्हा अपडेट न झालेली यंत्रं थेट ऑगस्ट १९९९ मध्ये गेली आणि तेव्हापासून तेवढीच मागे चालतात. ठिकाण बरोबर दाखवत असेल तर चालवा. बरेच महिने बंद असेल तर पहिल्यांदा उघड्या आकाशाखाली चालू करून ठेवा. उपग्रहांची पूर्ण यादी यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. पार्किंगच्या तळघरात बसून वाट बघू नका.

अग्निपंख

चरईकर, 'कधी' वर वर्ग करायचे हे वाचून उडालेच, कारण माझे सगळे वर्ग तसेच आहेत!

मी फ्लेमिंगो बघायला जाते. माझ्या दोन फायली: 'भरती' आणि 'ओहोटी'. ओहोटीला ठाणे खाडीतली चिखलाची मैदानं उघडी पडतात, पक्षी तिथे पसरून खात असतात. मग ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र, भांडुपची पंपिंग स्टेशनची बाजू. भरतीचं पाणी चढलं की मैदानं बुडतात आणि थवे आतल्या पाणथळींवर येतात. तेव्हा सीवूड्सला टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेमागे, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बाजूला जायचं. त्याच दिवशी चार तासांनी गेलात तर तिथे एकही नाही! लोक येऊन 'पक्षी गेले वाटतं' म्हणत परत जातात तेव्हा फार वाईट वाटतं.

प्रत्येक जागेचे बिंदू दोन: गाडी कुठे लावायची आणि उभं कुठे राहायचं. पाम बीच रोडवर कडेला गाडी थांबवू नका, प्लीज. वर्णनात सूर्य सकाळी पाठीशी की तोंडावर तेही लिहिलंय, फोटोवाल्यांसाठी.

ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ चं आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलं. पण सीवूड्सच्या या आतल्या पाणथळी त्या सीमेबाहेर आहेत. म्हणूनच त्यांचे बिंदू मी जपून ठेवते. कुठे काय होतं याची नोंद तरी राहील.

खारघर_टेकडी

वा! रविवारी मुलांना आणू का? लहान आहेत, कंटाळतील का?

अग्निपंख

आणा की. दुर्बीण माझ्याकडे जास्तीची आहे. टोप्या आणि पाणी तुमचं.

लांज्याची_लेक

आमचा एकच वर्ग: 'गणपती'. वाशीहून लांज्यापर्यंत.

पूर्वी वडाचं झाड, पांढरी शाळा, बस थांबा अशा खुणांवर फाटा ओळखायचो. चौपदरीकरणात झाड गेलं, थांबा सरकला, आणि मधे दुभाजक आला. आता फाटा समोर दिसतो पण वळता येत नाही, पुढे जाऊन सर्व्हिस रोडने मागे यावं लागतं. त्यामुळे मी फाट्याचा बिंदू बदलून 'सर्व्हिस रोड इथे धर' असा केला. आजीचं घर आहे तिथेच आहे, वाट मात्र दर वर्षी नवी शोधायची.

बाकी ठेवलेले: माणगावच्या आधीचा पंप, रात्री चालू असणारा पंक्चरवाला, चिपळूणला मध्यरात्री चहा. चतुर्थीच्या आदल्या रात्री माणगावला अडकलात तर सगळ्यात आधी चहा आठवतो. आणि गावातलं एक माळरान, जिथे चारही गाड्या लागतात. ते भावाने शोधलं. पाटाच्या गणपतीसकट सगळे पोहोचल्याशिवाय आई जेवत नाही, म्हणून हे सगळं.

देवनागरीत नावं लिहिली तर आमच्या यंत्रात चौकोन येतात, रोमनमध्येच लिहावी लागतात. आईला वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाला चित्र लावलं. चहाला कप, पंक्चरला टायर. आता मागे बसून तीच सांगते.

पातलीपाडा_पूर्व

चहाचं चित्र पाठवाल का? आणि चिपळूणला नक्की कुठे?

लांज्याची_लेक

बहादूरशेख नाक्याजवळ. चित्र पाठवते. २४ बाय २४ पिक्सेलचं आहे, त्याहून मोठं करू नका.

तीन_हात_नाका

मी 'टोल' नावाचा वर्ग ठेवला होता. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल गेला, तेव्हा वाशी, ऐरोली, आनंदनगर सगळे बिंदू पुसले. फार समाधान झालं. अटल सेतू तेवढा ठेवलाय, तिथे भरावा लागतो.

आता त्याच चिन्हावर 'खाणं' चालू केलंय. मामलेदार मिसळ, कुंजविहार, तलावपाळी...

चरईकर

मामलेदारला बिंदू लागतो? वासावर जा हो 😄

तीन_हात_नाका

बिंदू मिसळीचा नाही, गाडी कुठे लावायची त्याचा! ठाणे स्टेशन परिसरात तोच खरा खजिना.

रक्तनमुना

तो बिंदू इथे टाका, कृपा होईल.

तीन_हात_नाका

इथे टाकला तर मला जागा मिळणार नाही. व्यनि (खासगी निरोप) करतो.

मीठ_मसाला

आले एकदाची. चरईकर, तुमच्या बाबांसारखीच माझी सासू. गुडघे बदललेत. आणि आम्हा बायकांचंही तेच, फक्त कुणी बोलत नाही. लांबच्या प्रवासात आम्ही पाणीच पीत नाही, सांगते. पुण्याला जाताना ठीक आहे, एक्स्प्रेसवेला मॉल आहेत. नाशिक आणि कोकण, तिकडे काय? पुरुषांना 'चालेल' वाटणारी जागा आम्हाला चालत नाही. आतून कडी लागते का, दिवा आहे का, नळाला पाणी आहे का, रात्री तिथे बाई कामाला असते का, हे लिहिलेली फाईल कुणाकडे आहे?

लांज्याची_लेक

आहे. कोकणची. आम्ही बहिणींनीच केलीये, 'कडी, दिवा, पाणी' असे तीन शब्द वर्णनात, असेल तेच लिहायचं. बिनधास्त घ्या.

रक्तनमुना

मी नवी मुंबईतली देते. पहाटे फिरते त्यामुळे कुठलं साडेपाचला उघडं असतं ते मला पाठ आहे.

चरईकर

बाबांची फाईल मी देतो. पण ती जुनी आहे, ठाणे-सातारा. तशीच चढवू नका, जाल तेव्हा बघून घ्या. नावाच्या शेवटी शेवटचं पाहिलेला महिना आणि वर्ष लिहू या का सगळ्यांनी? म्हणजे कुठल्या बिंदूवर भरवसा ठेवायचा ते चालत्या गाडीतही कळेल. नाशिकचं कोण बघतं?

टुरिस्ट_परमिट

नाशिक मी. शुक्रवारी भाडं आहे. बायकोला बरोबर नेतो, आतलं ती बघेल.

मीठ_मसाला

ताईंना माझ्याकडून थालीपीठ बांधून देते. माजिवड्यावरूनच जाणार ना?

टुरिस्ट_परमिट

हो. सकाळी ६ ला, पुलाखाली.

खारघर_टेकडी

अग्निपंख, रविवारी भरती किती वाजता ते सांगितलंच नाहीत!

अग्निपंख

तक्ता बघून शनिवारी टाकते. भरतीच्या तासभर आधी यायचं, गाडी बिंदू १ ला.