युद्ध ‘भडकले’, ‘पेटले’ की कोणी ‘पुकारले’?

प्रश्न
युद्ध सुरू झाल्याची बातमी देताना मराठी वर्तमानपत्रे ‘युद्ध भडकले’, ‘युद्ध पेटले’, ‘युद्धाला तोंड फुटले’, ‘रणशिंग फुंकले’ असे नाना प्रयोग करतात. हे सगळे एकाच अर्थाचे समजायचे का? आणि ‘लढाई’, ‘चढाई’, ‘संघर्ष’ यांच्यात नेमका फरक कोणता?

प्रतिसाद १
लढाईचे चटकन सांगता येईल. युद्ध मोठे, लढाई त्यातला एक भाग: पहिले महायुद्ध, पण त्यातली फ्रान्समधली व्हर्दूनची लढाई.

क्रियापदांचा मामला मात्र गंभीर आहे. भडकणे, पेटणे, तोंड फुटणे ही सगळी अकर्मक. आग भडकावी तसे युद्ध आपोआप भडकते. कोणी भडकवले हे विचारायची सोयच राहत नाही. ‘पुकारले’ किंवा ‘चढाई केली’ म्हटले की मराठीत लगेच ‘ने’ लागतो. जर्मनीने, जपानने. तो ‘ने’ जबाबदारी ठरवतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

१ सप्टेंबर १९३९ चेच घ्या. पहाटे पावणेपाचच्या सुमारास ‘श्लेस्विग-होल्स्टाइन’ या जर्मन युद्धनौकेने डान्झिग (आजचे पोलंडमधले ग्दान्स्क) बंदराजवळच्या वेस्टरप्लाट या पोलिश लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या. त्याच दिवशी हिटलरने राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, काय सांगितले? ‘पाच पंचेचाळीसपासून आता उलट गोळीबार केला जात आहे.’ वेळ तर चुकीची आहेच, पण वाक्यरचना पाहा. ‘केला जात आहे’ असा कर्मणी प्रयोग, गोळीबार करणारा गायब, आणि ‘उलट’ या एका शब्दाने पहिला वार पोलंडच्या माथी. त्यासाठी आदल्या रात्री जर्मनांनीच सीमेजवळच्या आपल्या ग्लायविट्झ गावातल्या रेडिओ केंद्रावर खोटा ‘पोलिश’ हल्ला घडवून आणला होता. जर्मन वर्तमानपत्रांना मथळ्यात ‘युद्ध’ हा शब्द वापरू नका, अशी ताकीद होती. आपण फक्त प्रतिकार करतो आहोत असेच छापायचे. आपल्याकडे ‘प्रत्युत्तर दिले’ असे सर्रास लिहितात. तेही जपूनच लिहावे, कारण त्यात आगळीक कोणाची याचा निकाल आधीच लागलेला असतो.

प्रतिसाद २
तुमचे म्हणणे पटते, पण पान लावणाऱ्याच्या जागी बसून पाहा. रात्री तारा येताहेत, कोणी काय केले ते स्पष्ट नाही. तेव्हा ‘भडकले’ हेच प्रामाणिक. शिवाय १९१४ मध्ये तो ‘ने’ कोणाला लावणार? २८ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध, ४ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. युरोपात युद्ध पेटले, असेच म्हणावे लागते. घाईचा परिणामही तेव्हा दिसला होता: ३० जुलैला ‘बर्लिनर लोकाल-अंत्सायगर’ या बर्लिनच्या वर्तमानपत्राने खास अंक काढून सैन्य एकत्र करण्याचा हुकूम निघाल्याचे छापले. हुकूम निघालेला नव्हता. अंक मागे घ्यावा लागला.

प्रतिसाद १
संपूर्ण युरोपबद्दल बोलायचे तर ‘पेटले’ मान्य. पण तुम्हीच दिलेल्या चारही तारखांना कर्ता आहे, आणि त्या त्या दिवशीच्या मथळ्यात तो आलाच पाहिजे.

खात्री नसताना कसे लिहावे याचा नमुना २९ ऑगस्ट १९३९ च्या ‘डेली टेलिग्राफ’ या ब्रिटिश वर्तमानपत्रात आहे. वार्ताहर क्लेअर हॉलिंगवर्थ तिथे नुकत्याच रुजू झाल्या होत्या. सीमेजवळच्या जर्मन रस्त्याकडेला गोणपाटाचे पडदे लावलेले, वाऱ्याने ते उडाले आणि खालच्या दरीतले रणगाडे त्यांना दिसले. मथळ्यात पोलंडच्या सीमेवर १,००० रणगाडे जमल्याचे ठामपणे आहे. सैन्याच्या दहा डिव्हिजन (मोठ्या तुकड्या) तयार ‘असल्याचे वृत्त’ आहे. डोळ्यांनी पाहिले ते ठाम, कानांवर आले ते ‘वृत्त’. आपल्या ‘समजते’, ‘कळते’ यांचे काम हेच आहे.

प्रतिसाद ३
‘संघर्ष’ राहिला. माझ्या मते हा शब्द आज सर्वांत जास्त पळवाटा काढून देतो. युद्धाला युद्ध न म्हणण्याची रीत जुनी आहे. १९३७ पासून जपानी वर्तमानपत्रे चीनमधल्या युद्धाला ‘चीन प्रकरण’ म्हणत. १९५० मध्ये कोरियाबद्दल एका वार्ताहराने ‘पोलिसी कारवाई’ हे शब्द पुढे केले आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मान डोलावली. (१९४८ च्या हैदराबादमुळे ‘पोलीस ॲक्शन’ आपल्याला आधीच ठाऊक होते.) १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला केला तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान ईडन म्हणाले, आम्ही इजिप्तशी युद्ध करत नाही, सशस्त्र संघर्षात आहोत. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाला फ्रान्स नुसत्या ‘घटना’ म्हणे; ते युद्ध होते, असे त्याने कायद्याने मान्य केले ते १९९९ मध्ये.

प्रश्नकर्ता
मग २०२२ मधल्या रशियाच्या युक्रेनमधील ‘विशेष लष्करी कारवाई’चे काय? आपल्या बातमीत तसेच छापायचे?

प्रतिसाद १
अवतरणचिन्हांत, आणि ‘रशिया जिला म्हणते’ असे जोडून. स्वतःच्या वाक्यात ‘आक्रमण’ लिहावे. रशियात माध्यमांना ‘युद्ध’, ‘आक्रमण’ हे शब्द वापरण्यास मनाई झाली, मार्चमध्ये पंधरा वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. तरी २५ फेब्रुवारीला ‘नोवाया गझेता’ या स्वतंत्र रशियन वर्तमानपत्राने रशियन आणि युक्रेनियन अशा दोन्ही भाषांत अंक काढला. मथळा होता: रशिया युक्रेनवर बॉम्बफेक करत आहे. कर्ता, कर्म, क्रियापद, तिन्ही जागेवर. महिनाभराने त्यांना प्रकाशन थांबवावे लागले.

आणि ‘रणशिंग फुंकले’ निवडणुकांसाठी इतके वापरले गेले आहे की खऱ्या युद्धाच्या मथळ्यात ते पोकळ वाटते. तिथे सरळ ‘युद्ध पुकारले’ लिहावे. घोषणा न करताच सैन्य घुसवले असेल तर ‘चढाई केली’.