सीमॅक बेंचमार्क: इंटेल आणि जीफॉर्ट्रनचे आकडे जुळत नाहीत, किती फरक चालतो?

धूरकट_दुपार:
सीमॅक 5.4 (हवा-प्रदूषणाचं मॉडेल) चा बेंचमार्क, म्हणजे सोबत मिळणारी चाचणी रन, चालवतोय, ईशान्य अमेरिकेचा डोमेन, जाळीतला सेल 12 किमीचा. एकाच मशीनवर दोन बिल्ड केलेत, एक इंटेलच्या फोर्ट्रन कंपायलरने एक जीफॉर्ट्रनने, दोन्ही रन शेवटपर्यंत जातात, एरर वगैरे काही नाही. ओझोन जवळपास तंतोतंत जुळतो पण एरोसोल नायट्रेटच्या फरकाचा नकाशा काढला की कुठेकुठे ठिपके दिसतात, शेजारच्या सेलमध्ये शून्य आणि मधेच एका सेलमध्ये एक मायक्रोग्रॅमच्या आसपास. यातला बरोबर कुठला धरायचा?

शेवटचा_बिट:
आधी कॉन्फिग स्क्रिप्टमधले फ्लॅग बघा, दोन्ही कंपायलरना सारखे नाहीयेत. दोघांना ओ3 (जोरदार ऑप्टिमायझेशन) आहे हे खरं, पण इंटेलच्या ओळीत एक्सहोस्ट (याच प्रोसेसरसाठी कोड बनव) असतो, म्हणजे तुमच्या प्रोसेसरवर एफएमए असेल तर तो वापरणार, गुणाकार आणि बेरीज मिळून राउंडिंग एकदाच. जीफॉर्ट्रनला तसाच मार्च-नेटिव्ह फ्लॅग दिला नाही तर तो एफएमए वापरतच नाही. शिवाय मॉडेलचा बराच भाग सिंगल प्रिसिजनमध्ये, जेमतेम सात आकडे विश्वासाचे. बिट-टू-बिट जुळणार नाहीच, ती अपेक्षा सोडून द्या.
एक काम करा, नुसता जीफॉर्ट्रन घ्या आणि ओ0 (ऑप्टिमायझेशन बंद) विरुद्ध ओ3 असा फरक काढा. तेवढेच ठिपके आले तर ती तुमची नॉइजची पट्टी झाली, इंटेलचा फरक तिच्यावर मोजायचा.

गाळणी:
वरच्यांशी सहमत, फक्त कमाल फरक बघू नका, तो फसवतो. नायट्रेटच का, तर आयसोरोपिया, वायू आणि कणांतला समतोल काढणारा कोड. हिशेब एखाद्या उंबरठ्याच्या जवळ असला की सातव्या आकड्यातल्या फरकाने कोड दुसऱ्या फांदीवर जातो आणि नायट्रिक ॲसिड वायूत राहायचं की कणात जायचं ते उलटं होतं. म्हणून त्या सेलमध्ये वायू आणि कण दोन्हीतल्या नायट्रेटची बेरीज करून बघ (एक पीपीएममध्ये असतं दुसरं मायक्रोग्रॅममध्ये, आधी एकक बदल). बेरीज जुळली तर वस्तुमान कुठे गेलेलं नाही, नुसती वाटणी बदलली.
दुसरं, वेळेप्रमाणे बघ. हवामान बाहेरून, डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलचं वाचलं जातं, दोन्ही रनला तेच, त्यामुळे हवामान मॉडेलसारखा फरक फुगत जायला नको. तासागणिक एकाच दिशेने वाढत असेल तर मात्र मला शंका येईल.

मेमरी_लीक:
आणि नेटसीडीएफ, आयओएपीआय (डेटा वाचायच्या-लिहायच्या लायब्ररी) त्याच कंपायलरने बनवलेत ना? मॉड्यूल फाइल न जुळल्या तर कंपाइलच होत नाही, ते बरं, पण एमपीआयचा (प्रोसेसरांना एकमेकांशी बोलायला लावणारी लायब्ररी) कंपायलर-रॅपर पाथमधून भलताच उचलला जातो आणि कळतही नाही. बिल्ड स्क्रिप्टमधली डिबगची ओळ कमेंट असते, ती उघडून एकदा चालवा, व्हेरिएबल इनिशियलाइज न केल्याची भानगड असेल तर इंटेलचं चेक-अनइनिट बऱ्याचदा तिथेच पकडतं. जीफॉर्ट्रनमध्ये इनिट-रिअलला एसनॅन (वापरली की एरर देणारी किंमत) देतात लोक, पण ॲलोकेटेबल (रन चालू असताना मेमरी घेणाऱ्या) ॲरेला ते लागूच होत नाही, त्यामुळे तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

धूरकट_दुपार:
ओ0 विरुद्ध ओ3 केलं, ठिपके तसेच आणि तेवढेच, जागा थोड्या वेगळ्या. नायट्रेटची बेरीज जुळते, तासागणिक वाढही नाही. डिबग रनही गुपचूप पार पडला. पण आता नवीनच, इंटेलचा तोच बिल्ड 4 बाय 4 ऐवजी 8 बाय 4 प्रोसेसरवर चालवला तर तिथेही फरक येतोय?!

शेवटचा_बिट:
येऊ शकतो. डोमेनचे तुकडे बदलले की लूपची लांबी बदलते, मग व्हेक्टरमध्ये (एकदम अनेक आकड्यांचा हिशेब) किती जातं आणि शेपटीला साधं किती उरतं तेही बदलतं. विखुरलेले ठिपके असतील तर हेच. पण फरक तुकड्यांच्या सीमेवर सरळ रेघेत असेल तर शेजाऱ्याचा डेटा नीट पोचत नाहीये, तिथे कंपायलर बदलून काही होणार नाही. फरकाचा नकाशा टाका, पहिल्याच तासाचा.