बॉयलरसूट घातला तेव्हा : सातारा-सांगलीच्या मरीन कॅडेटांचे अनुभव

सातारा (धागा काढणारा)

माझ्या भाच्याला यंदा मरीन इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी दिली, मेडिकल झालं, ऑगस्टमध्ये निघेल. ताई रोज फोनवर एकच विचारते, "तिथं नक्की काय करून घेतात रे पोरांकडून?" आपल्याकडं घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही, तेव्हा तिची काळजी मला कळते. दोन्ही जिल्ह्यांतल्या ज्यांनी हे ट्रेनिंग केलंय त्यांनी कृपया इथं लिहा. गोड-कडू दोन्ही.

सुरुवात मी करतो. मी कोलकात्याला, तारातल्याच्या कॉलेजात होतो. 1949 सालची संस्था. पुढं तिचं नाव मेरी झालं, आता ती आयएमयूचा कोलकाता कॅम्पस आहे, आमच्या तोंडी मात्र अजून जुनं नाव डीएमईटीच. तेव्हा प्रवेश आयआयटीच्या जेईईतून व्हायचा. पोरं गणितात पक्की, पण हातात कधी हत्यार धरलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपात लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि कानस दिली. "याचा चौकोन कर." तीन दिवस घासत होतो. तळहाताला फोड आले, फुटले. इन्स्ट्रक्टर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून तुकडा खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसली की काही न बोलता परत. कानशीच्या दातांत कीस अडकून कामावर ओरखडे पडतात, म्हणून आधी कानशीला खडू घासायचा, हे त्यांनीच दाखवलं. पुढं समुद्रावर व्हॉल्व्ह सीटवर घासताना तोच हात कामी आला.

कराड

मी मेकॅनिकल करून मग जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) केलं, एका वर्षाचा कोर्स. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा ते म्हणायचे, "काचेत पाणी दिसतंय म्हणून बॉयलरात पाणी आहे असं समजू नको." बॉयलरच्या तासाला सरांनी गेज ग्लास, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी काच, ब्लो करायला (फुंकून साफ करायला) लावला. आधी पाण्याचा कॉक उघडून ड्रेनमधून पाणी जोरात येतंय का पाहायचं, तो बंद करून मग वाफेचा. दोन्ही वाटा मोकळ्या असतील तरच काचेतली पातळी खरी. मला ते आधीच येत होतं. सरांनी विचारलं, कुठं शिकलास? कारखान्याचं नाव सांगताना छाती भरून आली होती. भाच्याला सांगा, जवळचा कारखाना गाळप हंगामात एकदा आतून बघून ये.

मिरज

मी ट्रेनिंगपर्यंत पोचूच शकलो नाही. रंगांच्या ठिपक्यांतले आकडे ओळखायची जी चाचणी असते, तिच्यात अडकलो. बारावीचं वर्ष या एकाच ध्यासात घालवलं आणि मेडिकल शेवटी केलं. घरच्यांनी आधी डोळे तपासले असते तर बरं झालं असतं. डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरकडं सगळ्यात आधी जा, क्लास नंतर लावा.

विटा

मीही कोलकात्याचाच, दादांच्या बराच नंतरचा. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं हावड्याला उतरलो तेव्हा बंगालीचा एक शब्द येत नव्हता. पण आमच्या खानापूर तालुक्याची माणसं गलाईच्या धंद्यामुळं देशभर पसरलेली. शेजारच्या गावच्या एका काकांचं तिथं सोनं गाळायचं दुकान होतं. रविवारची सुट्टी मिळाली की त्यांच्याकडं जायचो. काकू भट्टीच्या वरच्या खोलीत राहायच्या. ज्वारीचं पीठ गावाकडून यायचं. पहिल्या दिवाळीला घरी जाता आलं नाही, तेव्हा त्यांनी मला पाटावर बसवून उटणं लावलं. मी रडलो आणि काकूपण रडल्या. सीनियरांचा जाच मीही सोसला, तो चांगला नव्हता आणि त्यानं कुणी कणखर होत नाही. कणखर व्हायला ती रविवारची भाकरी लागली.

सांगली

मुलींपैकी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या बॅचला आम्ही दोघीच. बाबांनी मला कृष्णेत घाटावर पोहायला शिकवलं होतं. सर्व्हायव्हलच्या कोर्सला उंचावरून लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारायची असते. एका हातानं नाक-तोंड दाबायचं, दुसऱ्यानं जॅकेट खाली ओढून धरायचं, पाय जुळवायचे, नजर समोर. खाली बघितलं की माणूस पुढं झुकतो. पूर आला की आयर्विन पुलावरून पोरं उड्या मारायची ते मी लहानपणापासून बघितलेलं, मी पहिली उडी मारली. खरा त्रास उष्णतेचा. जहाजाच्या इंजिनरूममध्ये पंचेचाळीस अंशांत प्युरिफायर (तेल शुद्ध करायचं यंत्र) उघडून साफ करायचा, जळक्या तेलाचा वास केसांतून आठवडाभर जात नाही. आईला ते कधी सांगितलं नाही. या ताईंना मात्र सांगा, त्यांना कळू दे.

तासगाव

एवढंच लिहितो. "जहाजावर लावून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला आम्ही शेत गहाण ठेवून पैसे दिले. जहाज आलंच नाही. कंपनीचा आरपीएसएल (जहाजावर भरती करायच्या परवान्याचा) नंबर डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय कुणाला रुपया देऊ नका.

सातारा (धागा काढणारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. तासगावच्या दादांचं ताईला दोनदा वाचून दाखवलं. भाच्यानं ओळखीच्या वर्कशॉपातून एक तुकडा आणि कानस आणली. काल संध्याकाळी चौकोन करून माझ्याकडं घेऊन आला. मी गुण्या लावून दाराच्या उजेडाकडे धरला. एका कडेला बारीक रेघ दिसली. त्यानंही पाहिली, आणि माझ्या हातातून तुकडा परत घेतला.