प्रतिसाद: तक्रार शब्दांत, की चालीत?

वर एकांनी लिहिलंय की प्रसिद्धीवरची रॉक गाणी म्हणजे नुसतं रडगाणं. नाही ओ, तसं सरसकट नाही. 1975 सालचीच दोन गाणी घ्या.

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या 'इट्स अ लाँग वे टू द टॉप'मध्ये लुटणं, मार खाणं, फसवणूक, म्हातारं होणं, सगळं आहे. पण चाल ऐका, मिरवणूक निघाल्यासारखी! त्यात गायक बॉन स्कॉटची बॅगपाइप, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य. लष्कराच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकलेल्यांना तो सूर काही परका वाटायचा नाही.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'हॅव अ सिगार'मध्ये नेमकं उलटं. शब्द सगळे कौतुकाचे, कारण बोलतोय रेकॉर्ड कंपनीचा माणूस. या बाबा, बसा, तुम्ही खूप पुढे जाणार! आणि मग विचारतो, तुमच्यातला पिंक कोण? म्हणजे पिंक फ्लॉइड हे कुणा माणसाचं नाही, बँडचं नाव, याचासुद्धा साहेबांना पत्ता नाही. गायलाय रॉय हार्पर, बँडबाहेरचा गायक, त्यामुळे तो लोचटपणा आणखी खरा वाटतो. शेवटी भरगच्च गिटार चालू असताना आवाज एकदम आक्रसतो, कुठल्यातरी लहानशा रेडिओतून आल्यागत. ती जागा हेडफोनवर ऐकाच.

आपल्याकडं गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवलेल्यांना हा कंपनीवाला माणूस ओळखीचा वाटेल. स्टेजमागं पाठ थोपटतो, "काय वाजवलास बे!", आणि पैशाचं विचारलं की विसर्जनानंतर बघू.

अमेरिकन गिटारवादक जो वॉल्शचं 'लाइफ्स बीन गुड' (1978) तिसऱ्याच तऱ्हेचं. तो स्वतःच्याच श्रीमंतीची टर उडवतो. मला मात्र ते थोडं लांबलेलं वाटतं.