मुले, प्राणी आणि दत्तकाचा निर्णय : तुमचे अनुभव लिहा

घरात मूल असले की कधी ना कधी ‘आपण कुत्रा आणू या ना’ हा हट्ट पुढ्यात येतो. प्राण्यांवर प्रेम करायला बहुतेक मुलांना शिकवावे लागत नाही. ते प्रेम प्राण्याच्या गरजेकडे वळवणे मात्र फार अवघड असते. ब्रिटनमध्ये १९७९ साली शेतीसाठी पाळलेल्या जनावरांच्या हितासाठी जी पाच स्वातंत्र्ये मांडली गेली, त्यांत भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, आणि भीती यांपासून मुक्तता आहे, तसेच स्वाभाविक वागण्याची मोकळीकही आहे. कुरवाळणे मात्र त्या यादीत कुठेच नाही. तेव्हा उपदेशापेक्षा प्रत्यक्ष काय घडले, मूल काय म्हणाले आणि तुम्ही काय उत्तर दिलेत, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

दोन मुलींची आई

आमच्या धाकटीला पिल्लूच हवे होते. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या कार्यकर्तीने तिला जमिनीवर, कुत्र्यांकडे पाठ नव्हे पण कूस करून, नजर न रोखता बसायला सांगितले आणि कोण जवळ येते ते पाहू या, असे म्हटले. जवळ आला तो एक पोक्त, एक कान दुमडलेला कुत्रा. वयाने मोठ्या कुत्र्याचा आकार, स्वभाव आणि सवयी आधीच कळलेल्या असतात, हे मला पटले; धाकटीला पटले ते एवढेच, की त्याने तिला निवडले होते.

घरी आल्यावर तो सोफ्यामागे जाऊन बसला आणि मुली हिरमुसल्या. नव्या घरात पहिले तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे रुळण्याचे आणि तीन महिने विश्वास बसण्याचे, असा ढोबळ आडाखा आम्हाला निवाऱ्यातच सांगितला होता, त्यामुळे ‘त्याला आपण आवडलो नाही’ या रडण्याला माझ्याकडे उत्तर तयार होते. तो खाताना आणि त्याच्या अंथरुणावर असताना त्याला कोणी हात लावायचा नाही, हा आमचा एकमेव कडक नियम होता. पुढे थोरलीने आपण होऊन वहीत त्याच्या खुणा टिपायला सुरुवात केली : भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, मान फिरवणे, डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसणे. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, ही समजूतही तिनेच खोडून काढली, कारण ताठ उभारलेली आणि भराभर हलणारी शेपूट पाहुण्यांच्या बाबतीत काय सांगत होती, ते तिच्या आमच्याआधी लक्षात आले. ‘आता नको म्हणतोय तो’ हे वाक्य आमच्या घरात सर्वांत जास्त तीच बोलते, आणि तो नियम हल्ली ती धाकट्या बहिणीच्या बाबतीतही पाळू लागली आहे.

प्राथमिक शाळेतील शिक्षिका

वर्गात प्राणी ठेवण्याच्या मी विरोधात आहे, कारण गोंगाट आणि सुट्ट्या यांत त्याचे हाल होतात. त्याऐवजी दत्तकाच्या प्रतीक्षेत असलेल्या प्राण्यांच्या जाहिराती मुलांकडून लिहून घेतल्या. एका मुलाने आपल्या वाट्याला आलेल्या मांजरीबद्दल ‘ही मोठ्या आवाजाला घाबरते आणि पलंगाखाली लपते’ असे लिहिले, तेव्हा बाकीच्यांनी ते वाक्य काढायला लावले; असे वाचून तिला कोण नेणार, असा त्यांचा सवाल होता. त्यावर तो म्हणाला, ‘नाही लिहिले तर नेतील आणि परत आणून सोडतील.’ तासाचा उरलेला वेळ यावरच वाद झाला. अखेरीस वाक्य राहिले, पुढे ‘शांत घर हवे’ एवढी भर पडली.

पशुवैद्य

तपासायला येताना मुलांना अवश्य आणा. ती पालकांपेक्षा नेमके प्रश्न विचारतात. काय खायला द्यायचे नाही, याची राखण मी मुलांकडेच सोपवतो. चॉकलेट, कांदा आणि द्राक्षे कुत्र्याला घातक. लिलीचे फूल आणि पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतणारी. हे एकदा सांगितले, की मूल घरातल्या मोठ्यांवरही पहारा ठेवते.

नसबंदीविषयी पालक मुलांसमोर बोलायला कचरतात. मी सरळ गणित घालतो : मांजरी साधारण चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात एकाहून अधिक वेळा विऊ शकते, आता तिच्या मुलींच्याही मुली मोजा. पेन्सिल थांबते आणि ‘एवढ्यांना घर कुठून आणायचे?’ हा प्रश्न मुलाकडूनच येतो.

एका मुलाचे वडील

आम्ही नकार दिला, तोही अनुभवच. मुलाला ससा हवा होता. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो, त्याचे दात जन्मभर वाढत राहतात म्हणून त्याला सतत गवत लागते, आणि उचलून घेतलेले बहुतेक सशांना आवडत नाही, हे आम्ही एकत्र वाचले. दिवसभर घर रिकामे असते. तो चिडला, पण पक्ष्यांच्या पाण्याचे भांडे रोज घासून भरण्याचे काम त्याने घेतले आहे.

आजी

नातवाला कुत्र्यांची भीती होती. ती घालवण्यापेक्षा वागायचे कसे, ते शिकवले : पळायचे नाही, ओरडायचे नाही, हात अंगाशी धरून खाली पाहत स्थिर उभे राहायचे. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच लस घ्यायला जायचे, हेही त्याला पाठ आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘सांगितलेस तर कोणी रागावणार नाही’ हे मी त्याला अनेकदा बजावले आहे. बोलणी खायला नकोत म्हणून मुले चावा लपवतात आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

निवाऱ्यातील स्वयंसेविका

लहान मुलांना आम्ही प्राणी हाताळू देत नाही, पण पिंजऱ्याबाहेर बसून गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचू देतो; बुजरे कुत्रे हळूहळू पुढे सरकतात आणि अडखळत वाचणाऱ्या मुलाला चुका न काढणारा श्रोता मिळतो. बेवारस दिसलेली मांजरीची पिल्ले मुले उचलून आणतात, त्यांना मी सांगते, की आधी लांबून पाहा, आई बहुधा अन्न शोधायला गेलेली असते.

दत्तकाच्या मुलाखतीत माझा पहिला प्रश्न मुलालाच असतो : तुम्ही सगळे बाहेरगावी गेलात तर याच्याकडे कोण पाहील? आईवडील मध्येच बोलू लागले तर मी त्यांना थांबवते. मुलाला उत्तर आले नाही, तर अर्ज नाकारत नाही. घरी ठरवून पुढच्या आठवड्यात पुन्हा या, असे सांगते.