डिसेंबरात गोव्यात पहिल्यांदा सर्फिंग: पंचेचाळिशीनंतर कितपत जमेल?

डोंगरवाटा_पुणे

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब उत्तर गोव्यात जात असून मुक्काम मोरजी आणि आश्वे यांच्या दरम्यान आहे. चौदा वर्षांच्या मुलीने सर्फिंग शिकण्याचा आग्रह धरला आहे आणि तिच्यासोबत मीही पाण्यात उतरावे अशी तिची अट आहे. माझे वय ४६ आहे. सह्याद्रीत चढउतार करण्याची सवय असल्यामुळे दम पुरेल असे वाटते, परंतु पोहणे आजवर तरणतलावापुरतेच मर्यादित राहिले आहे. पहिल्याच धड्यात बोर्डवर उभे राहता येते का, त्यासाठी गोव्याचा समुद्र योग्य आहे की काही जण सुचवतात त्याप्रमाणे थेट कर्नाटकच्या किनाऱ्यावरील मुल्कीला जावे, आणि मला जाड भिंगांचा चष्मा असल्यामुळे काय करावे, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मांद्रे_मुक्कामी

आपण निवडलेला महिना नवशिक्यांसाठी उत्तम आहे. जून ते सप्टेंबर या काळात इथला समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात. डिसेंबरात मात्र लाटा बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असतात, आणि एखाद्या सकाळी तर पाणी इतके शांत असते की शिकवणारेच धडा पुढे ढकलतात. म्हणून पहिल्याच दिवशी चौकशी करावी, शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

वेळ सकाळचीच घ्यावी. तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात आणि त्यामुळे लाटा एकापाठोपाठ एक, सुट्या व नीटस येतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की पाण्यावर नुसती खळबळ माजते आणि कोणती लाट धरावी हे कळत नाही. भरतीच्या वेळेसाठी आपल्या कोकणातला जुना हिशेब अजूनही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, तर पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. अर्थात पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास आलात, तर सकाळी सात ते दहा पाणी चढत असते, आणि चढत्या पाण्यात मऊ वाळूवर शिकणे मला तरी सोपे वाटते.

धडा साधारण दीड-दोन तासांचा असतो व त्याचा पहिला भाग कोरड्या वाळूवरच जातो. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी मन लावून करावा. पालथे पडून दोन्ही तळहात बरगड्यांच्या बाजूला बोर्डवर सपाट टेकवायचे, बोर्डच्या कडा पकडायच्या नाहीत, आणि छाती उचलून एकाच हालचालीत पाय खाली आणायचे. बहुतेक प्रौढ माणसे आधी गुडघा टेकतात आणि तिथेच तोल जातो. नंतर कमरेइतक्या पाण्यात शिक्षक मागून बोर्ड ढकलतात, तोही फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात. न फुटलेली हिरवी लाट पहिल्या दिवशी कोणी देत नाही. आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड असेल तर काही सेकंद उभे राहणे बऱ्याच जणांना पहिल्याच धड्यात जमते. नजर पायांकडे गेली की माणूस पडतो, समोरच्या माडांकडे ठेवली की टिकतो.

एक सूचना. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीचे मुख आहे आणि तिथे प्रवाह जोराचा असतो, त्यामुळे त्या बाजूला मुळीच उतरू नये. मोरजीच्या किनाऱ्याचा काही भाग ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी राखलेला असतो, तिथूनही बोर्ड घेऊन जाऊ नये. आश्वे किंवा मांद्रे बरे.

शांभवीकाठ

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु हौस भागवणे आणि शिकणे यांत फरक करायला हवा. मुलीला खरोखर शिकायचे असेल तर मुल्कीचा विचार पुढच्या सुट्टीसाठी जरूर करावा. भारतातील पहिला सर्फिंग आश्रम तिथे २००४ साली सुरू झाला, शांभवी नदीच्या मुखाजवळ आणि आसपासच्या किनाऱ्यांवर शिकवण्याची परंपरा तयार झाली, आणि शेजारच्या ससिहित्लू इथे राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धाही होतात. गाव कोकण रेल्वेवर आहे. तिथे लोक तीन-चार दिवस सलग राहून सकाळ-सकाळ सराव करतात, आणि शरीराला ती हालचाल अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतोच. गोव्यात मात्र धड्यानंतर मंडळी जेवायला निघून जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

कोणी कोवलम सुचवल्यास कोणते कोवलम हे आधी विचारून घ्यावे. चेन्नईजवळच्या कोवलमला सर्फिंगचे मोठे केंद्र आहे, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असल्याने आपल्या तारखांना तो बेत नको.

सिडनी_वहिनी

आमच्याकडे शाळेतल्या मुलांना सर्फिंगच्या आधी समुद्र वाचायला शिकवतात, म्हणून त्याविषयी लिहिते. किनाऱ्याकडे आलेले पाणी ज्या चिंचोळ्या पट्ट्यातून परत समुद्राकडे ओढले जाते, तिथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद दिसते आणि फेस किंवा गढूळ वाळू बाहेरच्या दिशेने सरकताना दिसते. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि तो तिथेच उतरतो. त्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध हात मारत दमू नये; बोर्ड सोडू नये, त्यावर पालथे पडून एक हात वर करून मदत मागावी, आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर जात पट्ट्याबाहेर पडावे. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांसाठी असते, तेव्हा बोर्ड घेऊन कुठे उतरायचे हे जीवरक्षकांना विचारूनच ठरवावे.

पोहता येत नसले तरी चालते असे काही शिक्षक सांगतात, कारण पाणी कमरेइतकेच असते आणि बोर्ड दोरीने घोट्याला बांधलेला असतो. मला हे पटत नाही. दोरी तुटू शकते, पायाखाली खड्डा येऊ शकतो, आणि तेव्हा बोर्डाशिवाय किनाऱ्याला येता आले पाहिजे. आपल्याला तरणतलावात न थांबता दोन फेऱ्या मारता येत असतील तर काळजी नसावी. येत नसतील तर जाईपर्यंत तेवढा सराव करून घ्यावा.

पडण्याचेही शिक्षण असते. डोके पुढे करून सूर मारू नये, पसरट पडावे, आणि पाण्यातून वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरावेत, कारण आपलाच बोर्ड परत येऊन लागतो. उभे असताना बोर्ड कधीही आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरू नये. तो बाजूला धरावा. बहुतेक नवशिक्यांना मार बसतो तो असाच.

डोंगरवाटा_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन फेऱ्या होतात, पण धाप लागते. उद्यापासून तलावावर जातो. चष्म्याचे मात्र राहिले.

मांद्रे_मुक्कामी

नेहमीचा चष्मा पहिल्याच लाटेत जाईल, तेव्हा तो घरच्यांकडे द्यावा. रोज टाकून द्यायच्या लेन्स काही जण वापरतात, परंतु पाण्यात डोळे उघडले की त्या निघून जातात आणि खाऱ्या पाण्याने डोळ्यांना संसर्गाचा धोकाही असतो, म्हणून आपल्या नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो मार्ग घेऊ नये. पहिल्या धड्यापुरते चष्म्याविना भागते, कारण लाट शिक्षक निवडतात आणि आपल्याला फक्त बोर्डचे टोक व किनारा दिसला तरी पुरतो. दूरचे हातवारे दिसणार नाहीत हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ते हाक मारून सूचना देतील.

कपड्यांबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो: पाणी उबदार असल्यामुळे जाड पोशाखाची गरज नाही, पण पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी अवश्य घ्यावी. फोमवर वारंवार घासून छाती आणि गुडघे इतके सोलवटतात की संध्याकाळी आंघोळीला बसताना ते चांगलेच कळते.