खासगी जंगल विकत घेऊन राखावं का? (चर्चा)

सडा_आणि_वहाळ

संगमेश्वर तालुक्यात आमच्या शेजारच्या गावात डोंगरउतारावरची साडेचार एकर जमीन विकायला निघाली आहे. सातबाऱ्यावर वरकस (भातशेतीची नसलेली हलकी जमीन), प्रत्यक्षात जुनं दाट जंगल. मधून वहाळ (ओढा) जातो, तो मार्चअखेरपर्यंत वाहता असतो. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, कुंभा, आणि वहाळाच्या अंगाला दोघांच्या कवेत न मावणारे बेहडे. एका बेहड्यावरून गारंबीचा वेल पलीकडच्या झाडावर गेलाय, त्याचं खोड माझ्या मांडीएवढं आहे. त्याच बेहड्याच्या ढोलीत धनेशाची वीण होते. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर फळं आणून भरवत राहतो.

जमिनीच्या मालकांकडे तोडीचा ठेकेदार येऊन गेला आहे. तो सगळा उतार साफ करणार आणि मग जागा काजूसाठी जाणार. आम्ही तिघे मित्र मिळून ती घ्यायच्या विचारात आहोत. लागवड नाही, घर नाही, फक्त आहे तसं उभं ठेवायचं.

माझं मत स्पष्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं आहे, रस्त्यावरून जे हिरवं दिसतं ते बहुतेक खासगी मालकीचं. त्यातलं बरंचसं दर दहा-पंधरा वर्षांनी कापलं जातं. बुंध्यांना फुटवे येतात, पुन्हा हिरवं दिसतं, लोक म्हणतात जंगल परत आलं. पण पंधरा वर्षांच्या झाडाला ढोली होत नाही. जुना तुकडा एकदा गेला की आपल्या हयातीत तो परत येत नाही. म्हणून असा तुकडा विकायला निघाला तर ज्याला राखायचा आहे त्याने तो घ्यावा. तुम्हाला काय वाटतं?

वाडीतला

साफ असहमत. मी याच तालुक्यातला, गावातच राहतो, शेती करतो.

तुमच्यासारखे चांगल्या मनाने येणारे लोक गेल्या काही वर्षांत बरेच बघितले. आधी मोजणी, मग चिऱ्याचा गडगा (कुंपणाची भिंत), मग लोखंडी गेट आणि ‘खासगी मालमत्ता’चा बोर्ड. त्या उतारावरून गुरांची वाट असते. बायका सुकी लाकडं त्याच वाटेने आणतात. आमच्या शेजारच्या वाडीत शिमग्याच्या पालखीची वाट अशीच अडली. मालक पुण्याला, राखणदार परजिल्ह्यातला, बोलायचं कोणाशी?

दुसरं, वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत पेटलं की ओल्या टाळांनी (पानांच्या फांद्यांनी) झोडपून आग विझवतो तो वाडीतला माणूस. तो तुमच्या साडेचार एकरांत का धावेल, जर तुम्ही त्याला तिथून आधीच बाहेर काढलं असेल?

आणि जुनी जंगलं कोणी विकत घेऊन राखली नाहीत हो. देवराया बघा. वर्तक आणि गाडगीळ या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना सगळ्यात जुनी झाडं तिथेच सापडली. सातबाऱ्याच्या बळावर ती उभी नव्हती. गावाने ठरवलं होतं की इथलं पान तोडायचं नाही, म्हणून होती.

सडा_आणि_वहाळ

@वाडीतला, वाटेचा मुद्दा मान्य. वाट बंद करण्याचा विचार आमच्या डोक्यातही नाही.

पण देवराईचं उदाहरण तुमच्या बाजूने पूर्ण उभं राहत नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी कौल लावून देवराईतले जुने वृक्ष तोडलेले मी स्वतः बघितले आहेत. जांभ्याच्या देवळाच्या जागी स्लॅबचं मंदिर आलं, समोर पेव्हर ब्लॉक आले, आणि त्यासाठी पैसा देवाच्याच झाडांतून उभा राहिला. गाव ठरवतं तसं गाव मोडतंही. शिवाय मी म्हणतोय तो उतार देवराई नाहीच. त्याला देवाचा धाक नाही, वन खात्याचा नाही, फक्त चार भावांची मालकी आहे आणि त्यांना पैशांची गरज आहे. गावाने आजवर ठेकेदाराला अडवलं का?

वाडीतला

गाव कसं अडवणार? त्याची जमीन, त्याची झाडं. त्याच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही पैसे देणार आहात की मी? हा राग त्या भावांवर काढू नका एवढंच सांगतो.

तालुका_कोर्ट

भावना बाजूला ठेवून कागद बघू. मी याच कामात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

एक. वरकस असली तरी ती शेतजमीनच. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. तिघांपैकी दोघे शेतकरी नसतील तर खरेदीखत एकाच्या नावावर होईल आणि बाकीचे दोघे फक्त विश्वासावर राहतील. अशी मैत्री मी कोर्टात फार वेळा पाहिली आहे. ट्रस्ट काढू म्हणाल तर ट्रस्टही शेतकरी नसतो, त्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

दोन. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आणि जुने फेरफार बघितल्याशिवाय विसार (आगाऊ रक्कम) देऊ नका. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा ३० ऑगस्ट १९७५ला लागू झाला आणि त्या दिवशी राज्यातली खासगी वनं सरकारजमा झाली. पुढे कलम २२-अ आलं. ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरांच्या खाली गेली होती, त्यांना त्यांचं वन परत मिळायची वाट त्यामुळे मोकळी झाली. ती चौकशी झाली का, आदेश झाला का, त्याची नोंद झाली का, हे प्रत्येक गटाचं वेगळं असतं. विक्रोळीच्या गोदरेज प्रकरणात २०१४ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती जुनी नोटीस निघाली म्हणून जमीन खासगी वन ठरत नाही. तरी फेरफारात ‘वन’ असा शब्द दिसला तर थांबा आणि आधी निकाल लावून घ्या.

तीन. सुप्रीम कोर्टाच्या १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन आदेशाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्याला वनसंवर्धन कायदा लागू केला. म्हणजे उद्या तुम्हाला तिथे चार खोल्या बांधाव्याशा वाटल्या तर ते सोपं नाही. तुम्हाला बांधायचंच नाही म्हणता, तर हे तुमच्या फायद्याचं.

चार. १९६४च्या वृक्षतोड अधिनियमात अनुसूचित झाडं सोळा: साग, आंबा, फणस, हिरडा, मोह, चिंच, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. तुमचा बेहडा त्यात नाही. नाणा नाही, कुंभाही नाही. ज्या झाडाच्या ढोलीत धनेश बसतो, त्या झाडाचं या यादीत नावच नाही.

सडा_आणि_वहाळ

@तालुका_कोर्ट, चौथा मुद्दा वाचून सुन्न झालो. याच कारणासाठी मला मालकी हवी वाटते. कायदा त्या झाडाला ओळखत नाही, मग त्याच्या बाजूने बोलणारा एक तरी मालक असायला नको का?

केंटकर_मूळ_चिपळूण

इंग्लंडमध्ये हा प्रकार सर्रास चालतो, म्हणून लिहितो. इथे १६०० सालापासून सलग जंगल असलेल्या जागेला प्राचीन वन मानतात (स्कॉटलंडमध्ये १७५०). अशी वनं देशाच्या जमिनीच्या जेमतेम अडीच टक्के उरली आहेत. आणि ती पाच-सात एकरांचे तुकडे पाडून विकली जातात. शेतकरी असण्याची अट नाही, कोणीही घ्यावं.

इथे मालकाचे हात कायद्याने बरेच बांधलेले आहेत. तिमाहीला पाच घनमीटरपर्यंत लाकूड परवान्याशिवाय तोडता येतं, त्यातलं दोनच घनमीटर विकता येतं. घर बांधायचं म्हटलं तर नियोजन खातं दारातूनच परत पाठवतं. हे बंधन असल्यामुळे सामान्य माणसाने जंगल घेतलं तरी जंगल टिकतं. कोकणात ते बंधन बेहड्याला नाही, हे वर आलंच.

पण तुकडे पाडण्याचा तोटाही इथे दिसतो. आमच्याजवळच्या एका वनाचे दहा-बारा मालक आहेत. प्रत्येकाचं गेट वेगळं, गाडीवाट वेगळी, अवजारांची लाकडी खोपटी वेगळी. हरणं कोवळे कोंब खाऊन नवीन झाड वर येऊ देत नाहीत. हरणाला हद्द कळत नाही आणि मालकांचं आपसात एकमत होत नाही. साडेचार एकर राखून बाजूचे चाळीस कापले गेले तर तुमचा धनेश खाणार काय?

आणखी एक. इथल्या जुन्या वनांत शतकानुशतकं हेझलची तोड पाळीपाळीने होत आली. एक पट्टा तोडायचा, बाकीचे ठेवायचे. ऊन आत आलं की त्या पट्ट्यात वसंतात निळ्या ब्लूबेलचा गालिचा पसरतो. तोड थांबल्यावर कित्येक ठिकाणी अंधार वाढून फुलं कमी झाली. तेव्हा हात न लावणं म्हणजेच राखणं असं सरसकट धरू नका.

(मला स्वतःला कोकणात असं काही घ्यायची फार इच्छा होती. पण अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित असेल तेवढीच.)

वाडीतला

केंटकरांनी माझ्या मनातलं लिहिलं. आम्ही राबासाठी (भाताची रोपं करायची जागा भाजायला) ऐन-किंजळाच्या फांद्या शिवळतो (छाटतो), झाड मारत नाही. बाहेरचा मालक आला की पहिलं काय करतो माहिती आहे? बेणणी. खालचं सगळं झुडूप साफ, म्हणजे फिरायला मोकळं आणि फोटोला छान. त्यात उद्याच्या बेहड्याची रोपं जातात. जंगल म्हाताऱ्या झाडांचं उरतं, पोरं नसलेल्या वाडीसारखं.

हिरडा_बेहडा

विकत घेणं आणि तुटू देणं याच्या मधली वाट याच तालुक्यात चालून झालेली आहे, ती का आठवत नाही कोणाला? पुण्याच्या ‘एईआरएफ’ या निसर्गसंवर्धन संस्थेने संगमेश्वर भागातल्या जमीनमालकांशी जंगल न तोडण्याचे करार केले. मालकी मालकाकडेच, तोडायचं नाही, त्याचा मोबदला घ्यायचा. त्याच बेहड्याची फळं फेअरवाइल्ड (रानातला माल जपून गोळा केल्याच्या) प्रमाणपत्रासह विकली गेली, आणि धनेशासाठी झाडावर फळं सोडायची ही त्यातलीच अट. उभा बेहडा दरवर्षी पैसे देतो हे मालकाला दिसलं की ठेकेदाराशी बोलणी आपोआप लांबतात.

तुम्ही तिघे जी रक्कम एका खरेदीखतात घालणार, तिच्या व्याजात त्या चार भावांशी असा करार करता येईल का बघा. गावात मालक बदलणार नाही, वाट अडणार नाही.

सडा_आणि_वहाळ

करारांबद्दल आदर आहे. पण करार संपतो. मालकाच्या घरात आजारपण आलं, ठेकेदाराने रोख पुढे केली, तर वर्षाच्या मोबदल्याला कोण विचारतो? आमच्या प्रकरणात भावांना एकरकमी पैसा हवा आहे, आणि पावसाळा संपला की तोड सुरू होईल. वेळ असता तर मीही कराराच्या बाजूने बोललो असतो.

हिरडा_बेहडा

आणि मालकी संपत नाही? तुम्ही तिघे गेल्यावर तुमची मुलं? परदेशात बसून तीही ठेकेदारालाच फोन करतील. तुमचं म्हणणं टिकायचं तर तुमच्यानंतरही ते जंगल बांधलं गेलं पाहिजे, आणि खरेदीखताने ते होत नाही.

तालुका_कोर्ट

त्याला उपाय आहे, वापरणारे कमी. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव’ आलं, कलम ३६-क. खासगी जमिनीचा मालक स्वतः होऊन जमीन त्यात देऊ शकतो. अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. मुलांनाही नाही. समितीत गावातली माणसं येतात, म्हणजे वाडीतल्यांच्या आक्षेपाचंही काही प्रमाणात निरसन होतं. दुसरी वाट जैवविविधता वारसा स्थळाची. दोडामार्गात बांबर्डेला रानजायफळाची दलदल आहे, जेमतेम अडीच हेक्टर, तिला २०२१ला हा दर्जा मिळाला. तुमच्या जागेपेक्षा फार मोठी नाही. तेव्हा ‘एवढ्याशा तुकड्याचं काय’ हे कोणी म्हणू नये.

वाडीतला

हे ऐकून थोडा नरम पडलो, पण विरोध मागे घेतलेला नाही. घ्यायचंच असेल तर माझ्या अटी. गुरांची आणि पाणवठ्याची वाट खरेदीखतात चतुःसीमेसकट लिहून द्या, तोंडी नको. सुकं लाकूड आणि राबाचा टाळ यावर वाडीचा हक्क लिहा, आणि ढोलीच्या झाडांना कोणी हात लावणार नाही हेही त्याच कागदावर लिहा, आमच्यासाठीसुद्धा. जाळपट्टा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) डिसेंबरात काढायचा, मजुरी वाडीतल्यांनाच. मोजणीच्या दिवशी वाडीला बोलवा. गडगा घातलात तर मी तुमच्या विरुद्ध पहिला अर्ज देईन.

सडा_आणि_वहाळ

गडगा नाही, शब्द देतो. वाट आणि सुकं लाकूड मान्य. टाळाबद्दल अडचण आहे. सड्याच्या बाजूला चालेल, पण वहाळाच्या दोन्ही काठांवर शिवळ नको. तिथे सावली गेली की वहाळ फेब्रुवारीतच आटेल. त्यावर समोरासमोर बसून बोलू.

माहेर_संगमेश्वर

सगळं वाचलं. खरेदीदार, गाव, वकील सगळे बोलले, म्हणून मी लिहिते.

आमच्या माहेरचा उतार असाच गेला. ठेकेदाराने भावांची संमतीपत्रं घेतली. आम्ही तिघी बहिणी, आमची नावं वारसाच्या फेरफाराला लावलीच नव्हती. गणपतीला गेले तर दरीच्या पलीकडचा रस्ता घरातून दिसत होता. तोपर्यंत मधे झाडं होती म्हणून तो कधी दिसलाच नव्हता. आईच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी असायचं, दुसऱ्या वर्षी होळीला तळ दिसला. तोडू नका असं सांगायला मी असते, पण मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

@सडा_आणि_वहाळ, घ्या तुम्ही ती जागा, माझा पाठिंबा आहे. पण तुम्ही वर ‘चार भावांची मालकी’ लिहिलंय. त्यांना बहिणी किती? त्यांनी हक्कसोड लिहून दिली आहे, की त्यांची नावं सातबाऱ्यावर चढलीच नाहीत? विसार द्यायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन या.